तुमच्या रानाचं नाव काय?

होम लोनसाठी म्हणा, वाटणीसाठी म्हणा, सात-बारा कधीतरी काढला असेलच ना? पीडीएफ उघडली की आपण काय बघतो? गट नंबर, क्षेत्र आणि आपलं नाव. त्याच कागदावर आणखी एक ओळ असते : 'शेताचे स्थानिक नाव'. जरा झूम करून बघा. बऱ्याचदा तिथं काहीच नसतं!

आता गावाकडं आजोबांना फोन लावा. ते गट नंबर सांगणारच नाहीत. 'वडाचं रान', 'टेकावरचा तुकडा', 'पांढरीकडचं' असलं काहीतरी सांगतील. १९४७च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं, गट नंबर पडले. नावं राहिली ती फक्त तोंडात. आणि ती तोंडं आता सत्तरी-ऐंशीची आहेत.

जीपीएसच्या जमान्यात नाव कशाला हवं? कारण नावात माहिती असते, बॉस! 'पांढर' म्हणजे जुन्या वस्तीची जागा. मातीची घरं ढासळून, चुलीची राख मिसळून तिथली माती पांढुरकी होते. पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणूनच पांढरीचा माग काढत फिरतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात असंच खोदकाम झालं आणि खाली सातवाहन काळातली वस्ती निघाली. सोबत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, ब्राँझचा! टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, वीकएंडला बघून या.

नाव गेलं की काय होतं, हेही कोल्हापुरातच दिसतं. गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ तळं. पावसाळ्यात तिथं पाणी साचलं की आपण वैतागतो. पाणी मात्र आपला जुना पत्ता विसरलेलं नाही.

तेच दगडांचं. देवळाबाहेर, पाणंदीच्या कडेला शेंदूर फासलेला कोरीव दगड असतो. नीट बघा. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. तो वीरगळ. गावासाठी, गुरांसाठी लढून मेलेल्या कुणाचं तरी ते स्मारक. कुणाचं? ते सांगणारं माणूस गावात असलंच, तर ते आजच आहे.

तेव्हा पुढच्या जत्रेला गावी गेलात की एक काम करा. आजोबा, गुरव, पाटकरी, मेंढरं राखणारे मामा, जे भेटतील त्यांच्यासोबत शिवार फिरा. माहेरवाशिणींनाही विचारा, विहिरी आणि पाणवठे त्यांना पाठ असतात. मोबाइलवर लोकेशन टाका, आवाज रेकॉर्ड करा. नाव जसं उच्चारतात तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका! शेजारी गट नंबर आणि सांगणाऱ्याचं वय. वीरगळाचा चारही बाजूंनी फोटो काढा; पण घासू नका, रंगवू नका, हलवू तर अजिबात नका. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत.

उद्या त्या माळावर एनए प्लॉट पडतील, कमानीवर कसली तरी 'व्हॅली' नाहीतर 'पार्क' लिहिलं जाईल. तिथं फ्लॅट घेणारे कदाचित आपणच असू. निदान आपल्या बाल्कनीखाली कुठला माळ आहे, एवढं तरी पोरांना सांगता यायला हवं ना?