वारा मोजा, पण पाऊसही मोजा

नांदेड-लातूरला समुद्र नाही, तरी चक्रीवादळ येते. ते पाऊस होऊन येते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले, जमिनीवर त्याचा जोर ओसरला, आणि दोन दिवसांत मांजराकाठचे सोयाबीन पाण्याखाली गेले. त्याचेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले.

पवनचक्कीसाठी शेत भाड्याने देताना हा पाऊस विसरू नका. जून १९९८ च्या चक्रीवादळाने पोरबंदरकडच्या कित्येक पवनचक्क्या मोडल्या. तिथे प्रश्न पात्यांचा होता. आपल्याकडे तो काळ्या मातीचा आहे: ओली झाली की फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. शंभर मीटरहून उंच मनोऱ्याचा पाया तिच्या भरवशावर सोडता येत नाही.

वाऱ्याचा हिशेबही फसवा. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ५ मीटर निघाले, तर ती ४० टक्क्यांहून अधिक घटते. बालाघाटाच्या डोंगररांगेवर वारा खरा वाहतो तो पावसाळ्यात. तेव्हाच्या चार महिन्यांचे आकडे दाखवून वर्षाची वीज मोजणे ही शुद्ध धूळफेक.

शेतकऱ्यांनो, भाडेकरारावर सही करण्याआधी मनोऱ्याच्या उंचीवरची निदान वर्षभराची नोंद मागा, आणि पायाचा माती-अहवालही.