सत्तर वर्षे उशिरा उघडलेले खटले

१/ जुलै २०१५. जर्मनीतील ल्युनेबर्ग येथील न्यायालयाने ९४ वर्षांच्या ऑस्कर ग्रोनिंगला चार वर्षांची शिक्षा सुनावली. ऑशविट्झमध्ये आणलेल्या ज्यूंच्या सामानातील पैसे मोजणे, हे त्याचे तेथील काम. गुन्हा : तीन लाख खुनांना साहाय्य. जरठ माणसाला तुरुंगात धाडून आता काय साधणार, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला.

२/ प्रश्न रास्त आहे. तो विचारला जातो मात्र भलत्याच ठिकाणी. ग्रोनिंग दक्षिण अमेरिकेत पळाला नव्हता. त्याची चौकशी झाली होती आणि १९८५ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी ती बंदही केली होती. मग विलंब कोणाचा?

३/ उत्तरासाठी १९६३ मध्ये जावे लागते. महाअभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांच्या पुढाकाराने फ्रँकफर्टमध्ये ऑशविट्झचा खटला उभा राहिला. बाउअर यांचे म्हणणे सरळ होते : ऑशविट्झ हे खुनाचे यंत्र होते, ते काय करते हे ठाऊक असून जो ते चालवीत होता, तो खुनात सहभागी.

४/ न्यायालयाने हे मानले नाही. कोणी, केव्हा, कोणाला मारले, हे प्रत्येक आरोपीबाबत स्वतंत्रपणे सिद्ध करा, अशी अट राहिली. १९६९ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या छावणीत साक्षीदारच उरू नयेत अशी व्यवस्था होती, तिच्याविषयी प्रत्यक्षदर्शी पुरावा मागणे, हा खरे तर मारेकऱ्यांनाच दिलेला लाभ होता.

५/ त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि ती अधिक गंभीर आहे. १९६८ मध्ये किरकोळ नियमभंगांसंबंधीच्या एका रूक्ष कायद्यातून एक कलम शिरले. ज्या साहाय्यकाच्या मनात स्वतःचा नीच हेतू सिद्ध होत नाही, त्याची शिक्षा कमी झाली; त्याबरोबर खटला भरण्याची कालमर्यादाही १५ वर्षांवर आली. म्हणजे ती मे १९६० मध्येच संपलेली! बर्लिनच्या सुरक्षा मुख्यालयात बसून हत्येच्या आदेशांवर सह्या करणाऱ्यांविरुद्ध तयार होत असलेले खटले कोसळले. कायदा मंत्रालयात या कामाशी संबंधित असलेले एदुआर्ड ड्रेहर हे नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. हे हेतुपुरस्सर झाले की अनवधानाने, यावर अद्याप वाद आहे.

६/ बाउअर १ जुलै १९६८ रोजी निवर्तले. त्यांचा युक्तिवाद न्यायालयाला पटायला २०११ उजाडले. अमेरिकेत मोटार कारखान्यात काम करून निवृत्त झालेल्या जॉन डेम्यान्यूकला म्युनिकमध्ये २८,०६० खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले गेले. त्याने अमुक एकाला मारल्याचा पुरावा नव्हता. तो सोबिबोरचा पहारेकरी होता आणि सोबिबोरला मारण्यापलीकडे काम नव्हते, एवढे पुरेसे ठरले. अपील प्रलंबित असतानाच तो वारला, त्यामुळे निकाल अंतिम झाला नाही. अंतिम मोहोर उमटली ती २०१६ मध्ये, ग्रोनिंगच्या प्रकरणात.

७/ यावर एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. सह्या करणारे घरी, अंथरुणात मेले. शिक्षा झाली ती पहारेकऱ्याला आणि कारकुनाला. हा अन्याय आहेच. परंतु मोठे सुटले म्हणून लहानांनाही सोडावे, हा तर्क मान्य केला तर १९६८ चे ते कलमच पुन्हा लागू केल्यासारखे होईल.

८/ श्टुटहोफ छावणीच्या कमांडंटची टंकलेखिका इर्मगार्ड फुर्खनर हिला डिसेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. १०,५०५ खुनांना साहाय्य केल्याबद्दल. गुन्ह्याच्या वेळी ती १८-१९ वर्षांची असल्याने खटला बाल न्यायालयात चालला. पहिल्याच दिवशी ती वृद्धाश्रमातून टॅक्सीने पसार झाली आणि काही तासांत सापडली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे अपील फेटाळले गेले.

९/ तिच्या त्या कमांडंटला १९५७ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि ती पुरी होण्याआधीच तो सुटला. फुर्खनरची साक्ष त्याच्या प्रकरणात १९५४ मध्येच नोंदवली गेली होती.