ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर राहू द्या



जून उजाडला की आपल्या घरात दोन कामांची एकदम घाई उडते, एक पेरणीची आणि दुसरी शाळेची. या सदरात आपण एरवी पेरणीचे बोलतो. सोयाबीनचे घरचे बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा, हे मी दरवर्षी सांगतो आणि आता बहुतेकजण तसे करतातही. पण ज्या गाडीत आपण पोटचे पोर रोज सकाळी बसवून देतो, ती गाडी, तिचा ड्रायव्हर आणि आपल्या पोराची त्या गाडीतली वागणूक यांची तपासणी किती घरांत होते? म्हणून आजचे सदर शाळेच्या गाडीसाठी.

शिक्षणासाठी पोर घराबाहेर पाठवणे आपल्या भागाला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. खेड्यापाड्यांतली मुले तिच्या वसतिगृहांत राहून शिकली. १९४८ साली एसटी सुरू झाली, पुढे ती गावोगाव पोहोचली आणि मुले रोज जाऊन-येऊन शिकू लागली. आता वस्तीवर शाळेची पिवळी बस येते, नाहीतर गावातल्याच कुणाची व्हॅन येते. पोर संध्याकाळी आईजवळ असते, ही मोठी सोय. मात्र एक फरक ध्यानात घ्या. वसतिगृहात रेक्टरची नजर पोरांवर असे. गाडीत ड्रायव्हरची नजर रस्त्यावर असते आणि ती तिथेच असली पाहिजे. मग पोरांवर नजर कुणाची, हाच खरा प्रश्न आहे.

तीन गुंठे आंधळी धाव

थोडा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. मागे पोरांची जुंपली म्हणून ड्रायव्हरने मान वळवली, एकाला दटावले आणि पुन्हा समोर पाहिले, तर दोन सेकंद सहज गेले. तेवढ्यात गाडी २८ मीटर, म्हणजे नव्वद फुटांवर पुढे गेली. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट. म्हणजे जवळजवळ तीन गुंठ्यांची लांबी गाडी आंधळी धावली! त्या तीन गुंठ्यांत म्हैस आडवी येऊ शकते, बांधावरून मोटारसायकल वर चढू शकते, उसाची ट्रॉली उभी असू शकते.

म्हणून गाडीतला दंगा हा नुसता खोडकरपणा समजू नका. तो अपघाताचे मूळ आहे, आणि त्यावरचा उपाय ड्रायव्हरच्या आधी आपल्या घरात आहे. मुलाला चार गोष्टी स्वच्छ सांगा. गाडी चालू असताना जागेवरून उठायचे नाही. हात-डोके खिडकीबाहेर काढायचे नाही. ड्रायव्हरकाकांना हाका मारायच्या नाहीत. आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दाराकडे जायचे नाही. पोर सकाळी उपाशी निघाले तर गाडीत किरकिर करणारच. भाकरी-चटणीचे दोन घास पोटात घालून, पाच मिनिटे आधी त्याला थांब्यावर उभे करा. उशीर आपण करायचा आणि तो भरून काढायला ड्रायव्हरने गाडी पळवायची, हे बरे नव्हे.

गाडी चालवणाऱ्या बंधूंना

आपल्या वाचकांत शेतीला जोडधंदा म्हणून शाळेची गाडी चालवणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांना चार शब्द.

प्रत्येक पोराचे नाव पाठ करा. नावाने हाक मारली की निम्मे पोर जागच्या जागी शांत होते. जागा ठरवून द्या. लहानगी पुढे, मोठी मागे, आणि रोज भांडणारी जोडी दोन टोकांना. नववी-दहावीतला एखादा समजूतदार मुलगा किंवा मुलगी दाराजवळ बसवा आणि चढ-उतार मोजायचे काम त्याच्याकडे द्या. दांडग्या पोराला असे काम दिले की पुष्कळदा तोच सुधारतो. तरीही दंगा वाढला तर चालत्या गाडीत ओरडू नका. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा, मागे वळा, शांतपणे बोला आणि मगच निघा. हात उगारू नका. शिक्षा म्हणून पोराला वाटेत उतरवून तर कधीच देऊ नका. ज्याची तक्रार असेल त्याच्या आईवडिलांना त्याच दिवशी सांगा.

सर्वात धोक्याची वेळ चढण्या-उतरण्याची. गाडीच्या अगदी पुढे आणि चाकाजवळ वाकलेले लहान पोर सीटवरून दिसत नाही. उतरलेले प्रत्येक पोर बाजूला जाऊन उभे राहिलेले दिसल्याशिवाय गाडी हलवू नका. गाडी मागे घ्यायची तर मदतनीस खाली उतरलाच पाहिजे. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या गावांत पोराला पलीकडे सोडून ‘जा पळत’ म्हणू नका. लहान पोराला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही. त्याच्या घराच्या बाजूलाच उतरवा, नाहीतर मदतनिसाने हात धरून पलीकडे न्यावे. आणि शेवटी गाडीला कुलूप लावण्याआधी सगळ्या सीटांवरून एक फेरी मारा. पेंगुळलेले पोर मागे राहून गेले तर बंद गाडीत उन्हाने जिवावर बेतते.

ऊस आणि पाणी

आपल्या दोन जिल्ह्यांचे दोन धोके वेगळे सांगायला हवेत.

पहिला उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस भागातले रस्ते ट्रॉल्यांनी भरतात. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या कांड्या खिडकीतून काढलेल्या हाताला आणि डोळ्याला लागतात. चालत्या ट्रॉलीचा ऊस ओढण्याची पोरांची खोडही जुनीच. ती घरीच मोडा. दुसरे असे, की थंडीत शाळा सुटून गाडी परतते तेव्हा दिवस मावळतीला आलेला असतो, आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. ते ट्रॅक्टर आपलेच आहेत. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावणे म्हणजे आपल्याच पोराची राखण करणे होय.

दुसरा धोका पाण्याचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, ते आपण विसरलेलो नाही. पण शाळेच्या गाडीला मोठ्या पुरापेक्षा ओढ्यावरची फरशी जास्त फसवते. पाणी गुडघाभर दिसते, पण त्याला ओढ असते आणि खालचा रस्ता वाहून गेलेला कळत नाही. नियम एकच ठेवा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी माघारी. पोर दोन तास उशिरा आले म्हणून ड्रायव्हरला बोल लावू नका, उलट त्याचे आभार माना.

कायदा काय सांगतो

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि २८ मुले दगावली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला अवजड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा आणि मुलांकडे पाहायला ड्रायव्हरखेरीज दुसरा माणूस हवा, असे आदेश दिले. आपल्या राज्याने २०११ साली शाळेच्या बससाठी वेगळे नियम केले. पिवळा रंग, वेगावर बंधन, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचे नळकांडे, मदतनीस, मुली असतील तर बाई मदतनीस, हे सारे त्यात आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेतला तो प्रतिनिधी कोण, हे विचारून घ्या.

आता कडू बोलतो. गाडीत पोरे कोंबली जातात त्यात दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. समजा, दहा मुलांच्या गाडीत पंधरा बसवून तो प्रत्येकी ६०० रुपये घेतो. त्याला महिन्याला ९,००० मिळतात. दहाच बसवली तर तेवढ्याच रकमेसाठी प्रत्येकी ९०० पडतील. फरक ३०० रुपयांचा, शाळेचे दिवस २५ धरले तर रोजचे १२ रुपये. माण-आटपाडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेही जड आहेत, हे मी जाणतो. तसे असेल तर एसटीचा विचार करा. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. शाळेच्या वेळेला गाडी नसेल तर ग्रामसभेत ठराव करून आगार व्यवस्थापकांकडे मागणी करा. एकट्याच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असते. पण पैसे वाचवायचे म्हणून दाटीवाटीत पोर बसवू नका.

शेवटची गोष्ट भिडेची. ड्रायव्हर बहुधा आपल्याच भावकीतला, नाहीतर मित्राचा पोरगा असतो. त्याच्या तोंडाला दारूचा वास आला, तो मोबाइलवर बोलत गाडी हाकतो असे कळले, तरी आपण गप्प बसतो. भीड ही भिकेची बहीण आहे. त्या दिवशी पोर गाडीत बसवू नका आणि कारण तोंडावर सांगा. माय-बहिणींनो, मुलगी एकाएकी गाडीत बसायला नको म्हणू लागली तर ‘नखरे’ म्हणून उडवून लावू नका. तिला जवळ घेऊन विचारा आणि ती सांगेल ते खरे मानून चौकशी करा. गाडीत सर्वात शेवटी उतरणारे पोर कोण आणि ते किती वेळ एकटे असते, हेही एकदा पाहा.

या आठवड्यात एवढे करा. एका सकाळी स्वतः थांब्यावर जा. टायर, दार आणि गाडीतली पोरे मोजा. ड्रायव्हरचा परवाना पाहायला मागा. चांगला ड्रायव्हर त्याचा राग मानणार नाही. आणि तो खरोखर चांगला असेल तर पोरांदेखत त्याला ‘काका, सावकाश चला, उशीर झाला तरी चालेल’ एवढे म्हणा. आईबाप ज्याला मान देतात त्याचे पोरे ऐकतात, आणि पोरे शांत बसली तर त्याचे डोळे रस्त्यावर राहतात.

पुढच्या अंकी सोयाबीनवरील खोडमाशीविषयी बोलू.