संग्रह खासगी, इतिहास सर्वांचा

बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ची इमारत खुली झाली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत ज्योती भट्ट यांची छायाचित्रे होती. बडोद्याच्या या चित्रकाराने खेड्यांतील भित्तिचित्रे आणि अंगणातल्या रांगोळ्या अनेक दशके कॅमेऱ्यात टिपल्या. मातीच्या भिंती पुन्हा सारवल्या जातात. छायाचित्र तेवढे मागे राहते. हा ऐवज पाहायला मिळाला तो उद्योजक अभिषेक पोद्दार यांच्या खासगी संग्रहातून उभ्या राहिलेल्या संस्थेत.

त्याच रस्त्यावर शासनाचे वेंकटप्पा कलादालन आहे. ते पोद्दार यांच्याच एका प्रतिष्ठानाला ‘दत्तक’ देण्याचा करार कर्नाटक शासनाने केला, तेव्हा २०१६ मध्ये शहरातील कलावंतांनी कडाडून विरोध केला आणि पुढे तो बेत बारगळला. विरोध रास्त होता. नवोदितांना परवडणारे दालन शासनाने परस्पर दुसऱ्याच्या हाती सोपवणे योग्य नव्हते. पण हस्तांतर टळल्याने मूळ प्रश्न सुटला नाही.

तो प्रश्न खरेदीचा आहे. प्रशासनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे, की काटकसरीची कात्री प्रथम संग्रहालयांच्या तरतुदीवर चालते. पगार आणि पहारा भागला की कलाकृती घ्यायला काही उरत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ निर्यात रोखतो, परंतु हयात कलावंताची कृती त्यानुसार ‘बहुमूल्य’ घोषित करता येत नाही. म्हणजे कलावंत काम करीत असतो त्या काळात निवड करतो तो संग्राहक. उद्याचा कलेतिहास त्याच्याच आवडीनिवडीतून लिहिला जातो.

यात संग्राहकाचा दोष नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तू शासनाच्या स्वाधीन केल्या, म्हणून अडकित्ते आणि दिवे आज सर्वांचे झाले. जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून पाहता येतो. एके ठिकाणी मालकी बदलली, दुसरीकडे प्रतिष्ठानाची मालकी राहून केवळ जागा सार्वजनिक झाली. हा फरक प्रेक्षकाला कळायला हवा.

हयात कलावंताच्या प्रदर्शनाने त्याच्या चित्रांचे भाव चढू शकतात आणि लाभ संग्राहकाच्या पदरात पडू शकतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार कलेवरील खर्च सामाजिक दायित्वात धरला जातो. तेव्हा असा निधी घेणाऱ्या संस्थेने प्रत्येक कृती न्यासाची की उसनी, हे फलकावर लिहावे. उसनी कृती प्रदर्शनानंतर ठरावीक वर्षे विकू नये. संपूर्ण सूची अभ्यासकांना खुली ठेवावी. राज्यांनीही कलावंतांचा समावेश असलेली खरेदी समिती नेमावी आणि तिला दरवर्षी, थोडा का होईना, न कापता येणारा निधी द्यावा. पहिली बैठक वेंकटप्पा दालनातच घेता येईल.