दोनशे मीटरचा हंगाम

आपल्या शाळांमध्ये लांब पल्ल्याचं धावणं हा एका दिवसाचा खेळ आहे. पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांचं पत्रक येतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत घाईघाईने नावं भरली जातात. ठरलेल्या दिवशी मुलं टेम्पोत बसून मैदानावर जातात, धावतात आणि संध्याकाळी घरी येतात. पहिले आलेले जिल्ह्याला जातात. बाकीच्यांचं धावणं थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद.

मी शिरूर तालुक्यात उर्दू आणि मराठी शिकवते. मी क्रीडाशिक्षिका नाही; पण लहान शाळेत शिट्टी कोणाच्या तरी गळ्यात पडतेच, ती माझ्या गळ्यात पडली. २०२४च्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी तालुक्याला ३००० मीटर धावली आणि सातवी आली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच एवढं अंतर धावून पूर्ण केलं होतं. पण तिला किती वेळ लागला हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. परत येताना तिने विचारलं, "टीचर, आता पुन्हा कधी?" मी म्हणाले, "पुढच्या वर्षी." ती गप्प झाली. पुढच्या वर्षी दहावी, आणि दहावीच्या मुलीला धावायला कोण पाठवतं!

ज्या देशांत धावण्याची शालेय परंपरा भक्कम आहे, तिथे मुलांच्या वाट्याला एक दिवस नव्हे, एक हंगाम येतो. अमेरिकेचंच पाहा. तिथे बऱ्याच भागांत हिवाळ्यात मैदानावर बर्फ असतं, म्हणून मुलं छताखाली धावतात. इनडोअर ट्रॅक बहुधा २०० मीटरचा असतो, म्हणजे ३००० मीटरच्या शर्यतीत १५ फेऱ्या. अशा छोट्या शर्यती हंगामात अनेक वेळा होतात. शेवटी आलेल्या मुलाचीही वेळ नोंदवली जाते आणि पुढच्या शर्यतीत तो आधी स्वतःच्याच वेळेशी झुंजतो. पहिल्या हंगामात पदक मिळणं अवघड असतं. पण डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत आपण किती पुढे आलो, हे त्याला आकड्यात दिसतं.

आपल्या देशालाही आता इनडोअर धावणं नवीन नाही. २०२४ मध्ये तेहरानला झालेल्या आशियाई इनडोअर स्पर्धेत गुलवीर सिंगने ३००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानेच अमेरिकेतल्या बोस्टनला छताखाली ५००० मीटर १२ मिनिटं ५९.७७ सेकंदांत पूर्ण केलं. २५ फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण ३१ सेकंदांत. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियम संकुलात इनडोअर ॲथलेटिक्सची सोयही झाली आहे. शिरूर-दौंडला असं काही होईल, या भ्रमात मी नाही. पण त्या इनडोअर ट्रॅकमधल्या दोन गोष्टी आपल्याला फुकट घेता येतात: दोनशे मीटरची फेरी आणि हंगाम.

आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं. पण हिवाळ्यात रस्त्यावर धावणं इथेही सोपं राहिलेलं नाही. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. पहाट उशिरापर्यंत अंधारी असते. आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. यानंतर कोणत्या तोंडाने पालकांना सांगायचं की फजरनंतर पोरांना उसाच्या कडेने धावायला पाठवा? सांगूही नये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपला इनडोअर ट्रॅक शाळेच्या कुंपणाच्या आत असावा. छप्पर नसलं तरी चालेल, भिंत आणि उजेड हवा. ४०० मीटरचं मैदान बहुतेक शाळांकडे नसतं. २०० मीटरच्या फेरीला मात्र साधारण ८० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागा पुरते. दोन्ही बाजूंना ४० मीटरच्या सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना १९.१ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. एक खुंटी, एक दोरी, मोजायला टेप आणि फक्की, एवढंच सामान लागतं. तेवढीही जागा नसेल तर सरळ रेषा ३० मीटरची आणि त्रिज्या १४.३ मीटरची धरा, १५० मीटरची फेरी होते. वर्तुळाचा परीघ शिकवायला याहून चांगला तास कोणता?

गेल्या हिवाळ्यात आम्ही हे करून पाहिलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ११ मुलं-मुली १६०० मीटर धावायची, म्हणजे ८ फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ मोबाईलवर बघून वहीत लिहायची. नववीतल्या त्या मुलीने पहिल्या शनिवारी पहिली फेरी ५२ सेकंदांत मारली आणि चौथ्या फेरीला ती चालत होती. एकूण वेळ ९ मिनिटं ४० सेकंद. दहाव्या शनिवारी तिने ८ मिनिटं १० सेकंदांत अंतर संपवलं, जवळपास प्रत्येक फेरी एकसारखी, ६१ सेकंदांच्या आसपास. मधल्या काळात तिचे पाय बदलले असतील, पण खरी बदलली ती समज. सुरुवातीला दम राखायचा असतो, हे मी दहादा सांगून तिला पटलं नव्हतं. वहीतल्या आकड्यांनी ते तीन शनिवारांत पटवलं. छोट्या फेरीचा हा मोठा फायदा आहे. मिनिटाभरात मुलाला आपली चूक दिसते.

काही काळजी मात्र घ्यावी लागते. वळणं आखूड असल्यामुळे एकाच दिशेने धावून एका पायावर जास्त ताण येतो. सरावात एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून धावावं. फरशीवर किंवा काँक्रीटवर धावू नये, मातीच बरी. एका वेळी सहा-आठ जणांपेक्षा जास्त सोडू नयेत. नडगी दुखते म्हणणाऱ्या मुलाला त्या आठवड्यात बसवून ठेवावं.

कुंपणामुळे आणखी एक गोष्ट घडली. मुली आल्या. रस्त्यावर धावायला नको म्हणणारे वडील "मॅडम, शाळेतच आहे ना, मग काही हरकत नाही" म्हणाले. सलवार-कमीज आणि ओढणी नीट बांधून मुली धावल्या. ज्यांना अजून संकोच वाटतो त्यांना मी सांगते की हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या होत्या. मुलींनी कायम भिंतीआडच धावावं, असं मात्र माझं अजिबात म्हणणं नाही. भिंतीच्या आत सुरुवात झाली, तर एक दिवस त्या बालेवाडीलाही धावतील. सुरुवातच झाली नाही तर काहीच होणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "जातिवंत धावपटू कुठूनही तयार होतो, अविनाश साबळे नाही का झाला?" बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जात होता, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण तो सैन्यात गेला, तिथे प्रशिक्षक मिळाला, नियमित सराव आणि मोजलेल्या शर्यती मिळाल्या, तेव्हा कुठे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत पोहोचला. गोष्टीचा हा अर्धा भाग आपण गाळतो, कारण पहिल्या अर्ध्या भागात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

दुसरा आक्षेप, "धावून काय मिळणार?" दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत, त्यामुळे आपल्या भागात भरतीची स्वप्नं घरोघरी आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, तर राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावं लागतं. आपली पोरं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी जाहिरात निघाल्यावर धावायला लागतात आणि महिन्याभरात गुडघे धरून बसतात. चौदाव्या वर्षी शनिवारी आठ फेऱ्या मारलेल्या मुलाला ही वेळ येण्याची शक्यता कमी. अर्थात भरती झाली नाही तरी दम आणि शिस्त त्याच्याजवळच राहते.

तालुका क्रीडा संकुलं ही शासनाचीच योजना आहे. ती हिवाळ्यात संध्याकाळी दिवे लावून मुलांसाठी खुली ठेवावीत, ही मागणी आपण करत राहूच. पण त्यासाठी थांबायला नको. यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल. १३ डिसेंबर ते १४ फेब्रुवारी असे दहा शनिवार हातात आहेत. शिरूर आणि दौंडच्या शाळांनी, उर्दू असोत की मराठी, आपापल्या आवारात २०० मीटर नीट मोजून घ्यावेत, त्याच दिवशी १६०० मीटर धावावं आणि वेळा एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात. टेम्पोचं भाडं नाही, प्रवेश फी नाही. अट एकच, शेवटी आलेल्या मुलाचीही वेळ लिहायची.