गल्ल्यात पैसे कमी आले की 'माफिया' कोण?

मागच्या व्हिडिओखाली एकाने विचारलं होतं, "सर, धंदेवाल्याने बघावी अशी एखादी सिरीज सांगा ना." त्याला स्टार्टअपची गोष्ट हवी असणार. मी सांगतोय कोरियन शाळकरी मुलांच्या जीवघेण्या खेळाची. (घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका, रक्तपात भरपूर आहे.)

सिरीजचं नाव 'नाइट हॅज कम'. डिसेंबर 2023 मध्ये आली, 12 भाग आहेत. शाळेचा एक वर्ग सहलीच्या शिबिराला जातो. तिथे सगळ्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप येतं आणि 'माफिया' हा खेळ सुरू होतो. कुणाला गुपचूप माफियाची भूमिका मिळते, कुणी पोलीस, कुणी डॉक्टर, बाकीचे साधे नागरिक. रात्री माफिया एकाला उडवतो. दिवसा सगळे मिळून मतदान करतात आणि ज्याच्यावर संशय त्याला बाहेर काढतात. फरक एवढाच, की इथे बाहेर गेलेला खरोखर मरतो.

आता लगेच कुणीतरी रील बनवेल, 'मार्केट असंच असतं, मारा नाहीतर मरा!' मला हे साफ चुकीचं वाटतं. शेजारी दुसरी वडापावची गाडी लागली म्हणून तुम्ही मरत नाही, उलट चार गाड्या एकत्र असल्या की गिऱ्हाईक तिथेच वळतं. माझं लक्ष गेलं ते त्या मुलांच्या मतदानाकडे.

हा खेळ मुळात 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने काढला. गंमत अशी की थोड्या लोकांना सगळं माहीत असतं आणि बहुमताला काहीच माहीत नसतं. गणितज्ञांनीही यावर काम केलंय. नागरिकांच्या हाती पोलिसाची माहिती नसेल, तर मोठ्या गटाला टक्कर द्यायला मूठभर माफिया पुरतात. म्हणजे नुसतं संख्याबळ कामाला येत नाही.

मग पुरावा नसताना ती मुलं काय करतात? वर्गातली जुनी भांडणं, कोण कुणाला आवडत नाही, कोण एकटा पडलाय, त्यावर बोट दाखवतात. हे बघताना मला घाम फुटला. कारण हे मी स्वतः केलंय.

सुरुवातीच्या काळात आमचं तिघा पार्टनरचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान होतं. दर आठवड्याला गल्ल्यात सात-आठशे रुपये कमी यायचे. एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून बसलो. दहा मिनिटांत निकाल! कामाला ठेवलेला पोरगा. का? तर तो नवीन होता आणि फार बोलायचा नाही. सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं, महिन्याचा पगार अडकवला आणि घालवून दिलं.

पुढच्या महिन्यात पैसे परत कमी!

हिशेब लिहून देणाऱ्या काकांनी वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा कळलं. कागदाची रिमं आणणाऱ्याला मी गल्ल्यातून रोख द्यायचो आणि ते माझ्या खिशातल्या डायरीत लिहायचो, रोजकीर्दीत नाही. माफिया मीच होतो, आणि मलाच पत्ता नव्हता.

खेळात पोलीस रात्री एकाची खरी ओळख तपासू शकतो. तुमच्या दुकानात तो पोलीस म्हणजे रोजची कॅश मोजणी. सकाळी गल्ल्यात किती होते ते लिहा, रात्री मोजून लिहा. क्यूआरवर आलेले पैसे वेगळ्या रकान्यात. दहा रुपयांचा चहा मागवला तरी चिठ्ठी गल्ल्यात पडली पाहिजे, आणि हा नियम मालकाला आधी लागू, नोकराला नंतर. बहुतेक दुकानांत नेमकं उलटं असतं! आणि फरक आलाच, तर आठ दिवस कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आधी वह्या जुळवा, सप्लायरची बिलं मागवा, उधारी बघा. माणसाकडे सगळ्यात शेवटी या.

त्या पोराच्या घरी मी गेलो होतो. अडकवलेला पगार दिला, त्याच्या आईसमोर हात जोडले. त्याने पैसे मोजून घेतले. चहाला थांबा म्हणाला नाही, आणि दुकानातही परत आला नाही.