तासभर हात लावायचा नाही!

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्यांना एक सवय असते. डेव्हलपर ओतायचा आणि दर मिनिटाला टँक उलटासुलटा करायचा. दहा-बारा मिनिटांत काम फत्ते. ‘स्टँड डेव्हलपमेंट’ मात्र याच्या अगदी उलट. औषध अतिशय पातळ करायचं, पहिला अर्धा मिनिट टँक हळू हलवायचा आणि मग तासभर तसाच ठेवून द्यायचा.

आळशी माणसाची सोय वाटते ना? तसं नाही. समजा, भर दुपारी अंगणात बसलेल्या आजोबांचा फोटो काढलाय. धोतर उन्हात लखलखतंय, चेहरा छपराच्या सावलीत. नेहमीच्या पद्धतीत चेहरा नीट उमटेपर्यंत धोतराच्या चुण्या पुसून जातात, उरतो नुसता पांढरा ठिपका. पातळ औषध मात्र जास्त उजेड पडलेल्या जागी लवकर थकतं, आणि टँक हलत नसल्यामुळे तिथे ताजं औषध पटकन पोहोचत नाही. सावलीत काम थोडंच, म्हणून तिथलं औषध टिकतं आणि चेहरा सावकाश उमटत राहतो. उजेड-सावलीच्या सीमाही जरा ठसठशीत येतात. अर्थात, फिल्मवर जे टिपलंच गेलं नाही, ते कुठलंच औषध आणून देणार नाही. एक्सपोजर सावलीला पुरेल इतकं हवंच.

यासाठी गाजलेलं औषध म्हणजे रोडिनल. १८९१ मध्ये जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि आजही ते वापरात आहे. प्रमाण १:१००. एका रोलला मूळ औषध निदान ५ मिली असावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणजे पाणी ५०० मिली. ३०० मिलीच्या छोट्या टँकमध्ये हा हिशेब बसत नाही, मोठा टँक घ्या.

पाणी २० अंश हवं. मे महिन्यात नागपूरच्या नळाला ते मिळणार नाही! बर्फाने थंड करा आणि टँकही थंड पाण्याच्या बादलीत ठेवा.

धोका पट्ट्यांचा. फिल्ममधून सुटलेलं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि कडेच्या भोकांपासून फिकट रेघा उमटतात. म्हणून अर्ध्या तासाने टँक एकदाच अलगद उलटासुलटा करावा, असं माझं मत. कट्टर मंडळी नाक मुरडतील, मुरडू देत.

ढगाळ दिवसाच्या फोटोंना ही पद्धत नको, आधीच मवाळ असलेलं चित्र आणखी मळकट होतं. आणि आजोबांच्या रोलवर पहिला प्रयोग तर नकोच. आधी उन्हातला एखादा साधा रोल धुऊन बघा.

तासाभराने पाणी, मग फिक्सर. तिथे मात्र टँक नीट हलवायचा. हातमोजे घाला, कारण मूळ औषध त्वचेला भाजतं. मोजायची सिरिंज वेगळी ठेवा, मुलांच्या औषधाची नको.